वखारीतलं उन्हाचं पाणी

"हात दखाड, मंग मझार ये."

वखारीच्या फाटकात उभा राहून जमादार प्रत्येकाला हेच म्हणायचा. हात दाखव, मग आत ये. माणसानं हात पुढे केले की तो वाकून ते हुंगायचा. बिडीचा वास आला की पागोट्यापासून धोतराच्या गाठीपर्यंत सगळं तपासणार. सापडलेली काडेपेटी बाहेरच्या कोनाड्यात ठेवणार आणि जाताना ज्याची त्याला आठवणीनं परत देणार.

मी रोज बैलगाडीतून कापसाच्या गाठी त्या वखारीत नेऊन टाकायचो. मी बिडी ओढत नाही, कधी ओढली नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी माझेही हात हुंगायचा.

"अरे, मी रोजचा माणूस!"

"रोज येतस तेच इसरतस," तो म्हणायचा.

मी दोन यत्ता शिकलो. लिहिताना हात अडखळतो. पण जमादार मी डोळ्यानं पाहिलेला आहे, तेव्हा त्याच्याबद्दल मी सांगेन तेच खरं धरा. तो जाऊन आता फार वर्षं झाली.

दोंडाईचा स्टेशनला लागून ती वखार होती. दुसरी लढाई चालू होती, मालगाडीचे डबे वेळेवर मिळत नसत आणि गाठींचे डोंगर पडून राहत. आत विस्तव न्यायचा नाही हा शेटचा हुकूम. पण शेटचा हुकूम वेगळा आणि जमादाराचा वेगळा. एकदा शेटचे जावईबापू सिगारेट घेऊन आले, तर त्यानं त्यांनाही अडवलं. "पाव्हना, हात दखाडा." जावई लालबुंद झाला. शेट मात्र पोट धरून हसले आणि त्यांनी आधी आपलेच हात पुढे केले.

इंजिनाचे हात कोण हुंगणार? गाडी आली की धुरातून ठिणग्या उडायच्या. मग जमादार भिजवलेलं पोतं घेऊन गाठींभोवती धावायचा, पडलेल्या ठिणगीवर पोतं आपटायचा. गाडी गेली तरी वर बघत उभा असायचा.

वखारीच्या कोपऱ्यात त्याची पत्र्याची खोली होती. तिथं तो आणि त्याची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो. चूल नाही, शेगडी नाही, दिवासुद्धा नाही. भाकऱ्या माझी घरची मंडळी भाजून द्यायची, मी गाडीतून न्यायचो. अक्काला सांधेदुखीनं धरलं होतं. गुडघे आखडलेले आणि हाताच्या मुठी वळलेल्या. थंडीत तर सकाळी बोटं उघडतच नसत. अंगावर ऊन-ऊन पाणी पडलं की सैल व्हायची. मग ती स्वतःच्या हातानं घास खायची, केस विंचरायची, आणि त्या दिवशी वखारीत तिचं हसणं ऐकू यायचं.

पण विस्तवाशिवाय पाणी तापवायचं कसं?

जमादारानं घासलेटचे दोन डबे आणले, त्यांना डांबर फासून काळेकुट्ट केले. चहाच्या खोक्यात ते आडवे ठेवले, भोवती झाडलोटीतला कापूस गच्च ठासला आणि वरून काच टाकली. ती स्टेशनातली फुटकी खिडकीची काच, मागून आणलेली. हे सगळं पत्र्यावर चढवलं. सकाळी पाणी भरायचं, दुपार कलली की ते असं तापायचं की हात घालवत नसे. खानदेशातलं ऊन ते, थंडीतही कामाला येतं.

पुढची गोष्ट जास्त मजेची. अक्काला तांब्या धरता येत नव्हता. जमादार म्हणाला, मी घालतो पाणी. तर ती म्हणाली, "नवराना हातनी आंघोय? माले लाज वाटस." म्हणून त्यानं डब्याला पोकळ बांबू जोडला, बांबूच्या तोंडाला बागेतल्या झारीची चाळणी बसवली आणि दोरीचा एक फास खाली सोडला. अक्का फासात मनगट अडकवून ओढायची आणि अंगावर ऊन पाण्याचा पाऊस पडायचा. बाहेर न्हाणीच्या तट्ट्याला पाठ लावून जमादार बसलेला. हमाल चिडवायचे, "जमादार, आज पाऊस कसा आहे?" तो म्हणायचा, "तुमना वावरमा नही पडाव." तुमच्या शेतात नाही पडायचा.

मला हे सगळं आवडायचं, पण एक गोष्ट खटकायची. एका ढगाळ दिवशी मी त्याला म्हणालो, "रुळांपलीकडे चूल मांडतो, हंडाभर पाणी तापवून आणतो. त्यात काय बिघडतं?" तो नाही म्हणाला. मी पण हट्टी. म्हणालो, "भाकर चुलीवरची चालते, मग पाण्यानंच काय घोडं मारलंय?"

तो बराच वेळ पोत्याचं पाणी पिळत राहिला. मग म्हणाला, "तो भाकरना चुला नही व्हता, भाऊ. पानी तपाडाना व्हता."

गावाकडं त्याचं कुडाचं घर होतं. न्हाणीतल्या चुलीची ठिणगी छपराला लागली. पोर पाळण्यात होतं. अक्का आडावर गेली होती, आणि तो शेतात. त्या दिवसापासून चुलीवरचं पाणी तिनं अंगावर घेतलं नाही. हात कायमचे आखडले तरी घेणार नाही, असं तो म्हणाला.

मी विचारलं ते वाईट केलं, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. विचारल्याशिवाय माणसाचं कळतं कसं? पण त्यानंतर मी चुलीचं नाव काढलं नाही.

त्या वर्षी माघात मळभ धरलं ते हटेना. गार वारा. ऊन बघायला मिळेना. जमादार सारखा शिडी चढायचा, काच सरकवून डब्यात हात घालायचा आणि खाली यायचा. मी खालून विचारायचो, "काय?" तो नुसती मान हलवायचा. आतून अक्का म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. उद्या पडी ऊन." तेवढ्यात मालगाडी शिट्टी द्यायची आणि त्याला पोतं घेऊन धावावं लागायचं. मी नुसता बैलांचं जू धरून उभा. आभाळाशी भांडता येत असतं तर मी भांडलो असतो.

मग अक्काला ताप भरला, छातीत कफ झाला. वैद्य औषध देऊन गेले. एका पहाटे ती गेली.

शिंदखेड्याहून तिचा भाऊ आला. चार म्हातारी माणसं जमली. भाऊ म्हणाला, "दारात चूल मांडा. मयताले ऊन पानी लागस." त्याचं चुकलं नव्हतं, रीतच तशी आहे. मी म्हणालो, "ह्या वखारीत चूल पेटणार नाही." तो म्हणाला, "मग बाहेर पेटवा. ही काय रीत झाली?" आमची जुंपली. बोलायचा हक्क ज्याचा, तो शिडीच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "जित्ती व्हती तव्हय नही लिधं, आते काब्र?" जिवंत असताना घेतलं नाही, आता का?

भावानं चुलीचा विषय सोडला.

"थोडं थांबा," जमादार म्हणाला. "ऊन पडी."

आम्ही थांबलो. दुपार झाली, दुपार कलली. तो शिडी चढत होता, उतरत होता. मळभ तसंच. शेवटी भाऊ हळूच म्हणाला, "दाजी, दिवस मावळाना आत न्यावं लागी." जमादारानं मान हलवली.

बायांनी अक्काला तट्ट्यामागं नेलं. माझी बायको पुढं होती. दोरी तिनंच ओढली. पाणी पडल्याचा आवाज आला. जमादार तट्ट्याकडे तोंड करून उभा होता.

"पानी गरम शे ना?" त्यानं विचारलं.

आत पाणी पडत होतं.

"कोनी सांगा ना. गरम शे ना?"

"शे, भाऊ," माझी बायको म्हणाली. "चांगलं गरम शे."

तो तट्ट्याला पाठ लावून खाली बसला. "मंग ठीक," म्हणाला, "मंग ठीक शे."

आंघोळ उरकून माझी बायको बाहेर आली. हात पदराखाली घेऊन त्याच्यासमोरून गेली आणि माझ्या गाडीआड उभी राहिली. बोटं गारठून काळीनिळी पडली होती. कमरेला खोचलेला ओला पदर तिला सोडवेना. मी सोडवून दिला.