नमो मारिया म्हणेपर्यंत थांबायचं

माशी लावून मासा धरायचा असेल तर पहिली गोष्ट, शेजारच्या काकीला सांगू नये. आमच्या पपांनी सांगितलं. बोटीवरची नोकरी संपवून ते वसईला कायमचे आले, त्याच आठवड्यात काकीने कुंपणापलीकडून विचारलं, आता पुढे काय करणार? पपांनी खरं ते सांगितलं, माशीने मासे मारणार. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत झालं की बोटीवरचा माणूस घरी बसून माशा मारतोय.

तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांची होते आणि गावच्या शाळेत चौथीला शिकवत होते. पपा बोटीवर स्वयंपाकी होते. त्यांच्या बोटीचा चीफ इंजिनिअर स्कॉटलंडचा. बोट तिकडे दुरुस्तीला लागली की तो नदीवर मासे धरायला जायचा आणि जेवणाचा डबा सांभाळायला पपांना बरोबर न्यायचा. डबा सांभाळता सांभाळता पपा ही विद्या शिकले. साहेबाने शेवटी आपली जुनी गळाची काठी त्यांना देऊन टाकली. तीन तुकड्यांची, कापडी पिशवीतली. आईने पिशवी उघडून आत हात घातला, तळापर्यंत चाचपलं आणि विचारलं, "आनि माझ्यासाठी?"

आमच्याकडे नदी नव्हती, बावखल होतं. म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, पूर्वी त्यावर रहाट लावून केळी आणि पानवेली शिंपायचे. आता पंप आला होता आणि बावखलात तिलापी, एक म्हातारी मरळ आणि काकीची बदकं एवढीच मंडळी राहिली होती. पपांच्या मते शिकायला एवढं पुरे होतं. शिकायला माणूस हवं होतं, आणि घरात मी एकटीच रिकामी दिसत होते.

माशी खरी नसते, हे नवशिक्याने आधी समजून घ्यावं. मी पहिल्या दिवशी काड्यापेटीत चार खऱ्या माशा घेऊन गेले होते. पपांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ही माशी बनवायची असते. बारीक गळ घ्यायचा, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस धरायचं आणि शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळायचं. पपांची बोटं या कामात फार सुंदर चालत. कोंबड्याच्या मानेचं मात्र काही खरं राहिलं नाही. नाताळपर्यंत तो इतका उघडा पडला की पाहुण्यांना तो आजारी वाटला आणि त्यांनी जेवताना त्याच्याबद्दल चौकशी केली.

दुसरी गोष्ट कोपराची. साध्या गळाला शिसं असतं, ते जड असतं, फेकलं की जातं. माशीला वजनच नाही. म्हणून दोरी जाड असते आणि आपण दोरी फेकतो, माशी नुसती मागून जाते. त्यासाठी कोपर अंगाला लागून राहायला हवं. माझं राहीना. पपांनी चर्चमधल्या गीतांचं पुस्तक आणून माझ्या काखेत दिलं आणि म्हणाले, "हे पडता कामा नये." पुस्तक पडलं. एकदा तर बावखलातच पडलं. पुढच्या रविवारी मी फुगलेल्या पानांतून गायले.

पण सगळी विद्या आहे ती थांबण्यात. दोरी आधी मागे टाकायची, आणि ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. मगच पुढे. घाई केली तर चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. उशीर केला तर दोरी मागच्या झाडात. किती थांबायचं, तर साहेब कुठलेसे दोन इंग्रजी शब्द म्हणायचा. पपांना ते आठवेनात, म्हणून त्यांनी आपले घातले. दोरी मागे जाताना "नमो मारिया", पुढे येताना "कृपापूर्णे".

आता हे वसईच्या मुलीला सांगणं म्हणजे चूकच. मी "नमो मारिया" म्हटलं आणि पुढचं आपोआप आलं. रोज संध्याकाळी रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, ते पन्नास वेळा म्हणायची सवय. दोन शब्दांवर ती प्रार्थना थांबू शकते हे तोंडाला ठाऊकच नव्हतं. मी डोळे मिटून थेट आमेनपर्यंत गेले. डोळे उघडले तेव्हा दोरी पानवेलीत होती आणि पपा शिडी आणायला गेले होते.

मी वर्षभर शिकले आणि फारशी सुधारले नाही. एक तिलापी मिळाली, तीही बहुधा वाट चुकलेली. मरळ कधी आली नाही. ती एकदा वर आली, माशीकडे बघितलं आणि परत गेली.

मग एका पहाटे पपा उठून बसले आणि त्यांना उजवा हात सापडेना. बोलायला गेले तर नुसता घोगरा आवाज. इस्पितळातून तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा पाय थोडे चालत होते, हात जरासा हलत होता, वाचा मात्र गेलेली. डॉक्टर म्हणाले, येईलही, बोलतं करत राहा. आम्ही सगळे कामाला लागलो. मी शाळेतल्यासारखा पेला समोर धरून विचारायची, "हे काय?" पपा डोळे मिटून घ्यायचे. मला तेव्हा फार भीती वाटायची आणि त्या भीतीचा मला रागही यायचा. आई काही विचारायची नाही. पपा तिला आयुष्यभर एकाच शब्दाने हाक मारत आले होते, "अगे". मीठ कमी पडलं, अगे. चष्मा सापडत नाही, अगे. बोटीवरून पत्र यायचं त्याचीही सुरुवात "अगे" अशीच. एकदा भांडी घासताना ती मला पाठमोरीच म्हणाली, "बाकी काय नाय बोलला तरी चालेल गो. एकदा अगे म्हनू दे."

चार महिने गेले. संध्याकाळी आम्ही पपांची खुर्ची चिकूखाली, बावखलाच्या काठाला ठेवायचो. ते पाण्याकडे बघत बसायचे. एके दिवशी मी काठी काढली. माझ्या मनात होतं ते असं, की वाईट फेक त्यांना कधीच सहन झाली नव्हती. मला मुद्दाम चुका कराव्या लागल्या नाहीत. पहिल्याच फेकीला चाबूक वाजला आणि माशी तुटली. दुसरी लावली, तीही तुटली. पपांच्या हातच्या माशा होत्या, डबीत थोड्याच उरल्या होत्या आणि पुढे कोण बनवणार हे कोणाला ठाऊक नव्हतं. चौथी तुटली तेव्हा मला रडू आलं, पण मी पाचवी लावली. दोरी मागे टाकली आणि पाठीमागून आवाज आला.

"नमो... मारिया."

मी तशीच थांबले.

"कृपापूर्णे," पपा म्हणाले. दोरी पुढे गेली आणि माशी पाण्यावर टेकली. वर्षभरात एवढी चांगली फेक झाली नव्हती, पण बघायला कोणी नव्हतं, कारण आई ओट्यावरून धावत आली होती आणि पपांच्या पायाशी गुडघे टेकून बसली होती. पुढची प्रार्थना तिने पूर्ण केली. पपा नाराजीने तिच्या डोक्यावरून पाण्याकडे बघत होते.

काकीने कुंपणापलीकडून ऐकलं होतं. म्हणजे सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी आले, मेणबत्त्या आल्या, फादर सायकलवरून आले. फादरांनी पपांचा हात हातात घेऊन प्रेमाने सांगितलं, "म्हणा, नमो मारिया." पपांनी फादरांच्या हातात काठी नाही हे बघितलं आणि डोळे मिटले. घरात ते काही म्हणेनात. संध्याकाळी बावखलावर मी काठी उचलली की म्हणायचे. यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की गुण बावखलात आहे. काकी बाटली घेऊन आली आणि बदकांना हाकलून पाणी भरून घेऊन गेली. तिच्या गुडघ्याला त्याने बरंच वाटलं म्हणे.

खरी गोष्ट मला एकटीला ठाऊक होती. पपा प्रार्थना करत नव्हते. माझी चूक काढत होते. आई मात्र रोज देवाचे आभार मानत होती आणि मी गप्प बसून ते ऐकत होते. आठवडाभर ते पाप पोटात ठेवलं. फादरांकडे कन्फेशनला जायला हवं होतं, पण मी चुलीपाशी गेले आणि आईला सगळं सांगितलं. साहेब, दोन शब्द, दोरी, सगळं.

आई वांगी चिरत होती. ती चिरायची थांबली नाही.

"मना ठाऊक हाय," ती म्हणाली. "रोझरीत तो पयल्या दहांतच झोपतो. वर्षभर तुमचा ओरडा मीच ऐकत होते ना ओट्यावर."

"मग तू गुडघे का टेकलेस?"

"पाय गेले माझे." तिने वांगी पाण्यात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्याशी बोलतो तो. माझ्याशी नाय." हात पदराला पुसून ती उठली. "ती काठी खय हाय?"

आईने आयुष्यात काठीला हात लावला नव्हता. ती काठी केरसुणीसारखी धरून काठावर उभी राहिली. मी कोपराचं सांगायला गेले तर म्हणाली, तू गप्प बस. पपा खुर्चीत जरा पुढे सरकले. आईने दोरी मागे टाकली आणि लगेच पुढे ओढली. चाबूक वाजला.

"नमो मारिया," पपा म्हणाले.

आईने पुन्हा टाकली. या वेळी दोरी तिच्याच अंबाड्याभोवती गुंडाळली. पपांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. "नमो मारिया!" आईने अंबाडा सोडवला, पदर खोचला आणि तिसऱ्यांदा काठी उचलली, माशी माझ्या कानाजवळून गेली आणि चिकूत बसली. पपांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, पण ते दोन शब्द आता त्यांना पुरेनात. मी त्यांच्याकडे धावणार होते. तेवढ्यात ते ओरडले,

"अगे!"

आईने मागे वळून बघितलं नाही. "कळला, कळला," म्हणाली. मग चिकूतून माशी ओढून काढली, डोळे पुसले आणि दोरी पुन्हा मागे टाकली, आधीपेक्षाही वाईट.