तेवीस-एकवीस

अंगात येणं, नजर लागणं... असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. तरी हे लिहितोय, कारण यात मी स्वतः होतो.

१९६२ साल असेल. माझे बाबा यवतमाळच्या एका क्लबात टेनिसचे मार्कर होते — म्हणजे मेंबर लोकांना खेळ शिकवणारे पगारी खेळाडू. मलाही त्यांनीच शिकवलं. त्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. ताई त्यांना वणीला आपल्या घरी घेऊन गेली. पाच महिने एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले, आता आशा धरू नका.

नोव्हेंबरात क्लबच्या स्पर्धेत मी फायनलला पोचलो. समोर नागपूरचा एक तरणाबांड वकील. मॅच बाराला सुरू झाली. दोघांनी एकेक सेट जिंकला आणि तिसरा संपेचना. तेव्हा टायब्रेक नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. दहा-दहा झाले, पंधरा-पंधरा झाले... पायांत गोळे आले. मी वीस, तो एकवीस असताना मी अंपायरकडे निघालो — मॅच सोडतो म्हणून सांगायला. अर्ध्या वाटेत काय झालं कोण जाणे, परत फिरलो. दिवेलागणीला जिंकलो. तेवीस-एकवीस! एवढा लांब सेट त्या कोर्टावर कुणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वणी गाठली. ताई दारातच रडत उभी.

"अरे, बाबा बोलून राह्यले! काल दुपारपासून. पण निस्ते आकडे... मले वाटलं डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टरले दाखवाले लिहून ठेवले."

तिनं औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलेलं मी वाचलं. दहा-दहा. पंधरा-पंधरा. वीस-एकवीस. त्याखाली दोनच शब्द — 'सोडू नको'. आणि शेवटी तेवीस-एकवीस.

मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं. घरात टेलिफोन नव्हता. मी मॅच सोडायला निघालो होतो, हे तर कोर्टावरही कुणाला कळलं नव्हतं.

आत गेलो. बाबांनी डोळे उघडले. जीभ जड, पण शब्द स्पष्ट.

"लय लांबवली बे मॅच."

मी पाय धरून रडलो. नंतर खूपदा विचारलं, पण म्हणायचे, "मले काहीच आठवत नाही."

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. बाबा मात्र त्यानंतर अकरा वर्षं बोलले — बहुतेक वेळ मला रागावण्यातच.