बिजलीचं सोवळं

निजामाच्या अमलात कळंबच्या एका आडत्यानं इंजिन आणून दुकानात बिजलीचे दिवे लावले, तेव्हा तारा ओढायला हैदराबादेहून एक मिस्त्री आला होता. त्याचं नाव आम्ही पोरांनी कधी विचारलंच नाही. मेंदी लावलेली दाढी, तोंडात विडा, आणि हाताला काम नसलं की दोन्ही हात पाठीमागं, जणू कुणी बांधून ठेवलेत.

आम्ही तारेला हात लावू नये म्हणून त्यानं आधी भुताची भीती घातली. भूत बघायला आम्ही आणखी पुढं सरकलो. मग त्याला आमच्या घरांतली रीत आठवली.

"बच्चेलोग, ही तार सोवळ्यात हाय. शिवायचं नक्को!"

हे मात्र लगेच पटलं. सोवळ्यातल्या आत्याला शिवल्यावर काय होतं, ते आमच्या पाठींना चांगलं ठाऊक होतं.

पण ते माझ्या आजोबांनीही ऐकलं. नुकतीच आंघोळ करून, ओल्या पंचानं ते देवळात निघाले होते. "मी सोवळ्यातच आहे, मला चालतं," असं म्हणत त्यांनी थेट उघड्या तारेकडं हात नेला. आत इंजिन धडधडत होतं.

मिस्त्री विडा थुंकून मधे आडवा आला. "पंडितजी, नक्को! हिचं सोवळं उलटं हाय. वल्लं बिलकुल चालत न्हाय!"

आजोबा भडकले. "असली कसली देवी ही? हिला नैवेद्य तरी काय लागतो?"

"काय बी न्हाय जी," हात पुन्हा पाठीमागं नेत मिस्त्री म्हणाला. "जो शिवतो, त्योच नैवेद्य."

आजोबांनी आपलेही दोन्ही हात पाठीमागं नेले.