लेप ओढतोय

ये गं, अशी जवळ सरक. कागदातूनच सरकायचं, काय करणार, तू पुण्यात आणि मी इथं कोल्हापुरात. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. संक्रांतीचा तीळगूळ डब्यातच मऊ पडला. आणि परवा फोन केलास तो कशाला, तर मावशी, आजी लेपात निगडीचा पाला किती घालायची. मावशी जेवतीस का, आई कशी आहे, एक अक्षर नाही. सरळ पाला. तुमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पंजाला सूज आणतात आणि निगडीच्या अर्कानं ती उतरते का ते बघतात, एवढं मला कळलं. मी "बघून सांगते" म्हणाले ते विसरले म्हणून नव्हे. सगळं आठवतंय, म्हणून म्हणाले.

आधी तुझं उत्तर घे. पाला ताजा, दोन मुठी. पाट्यावर वाटून त्याचा रस काढायचा, त्या रसात आंबेहळद सहाणेवर उगाळायची, थोडी फुलवलेली तुरटी. लोखंडी पळीत गरम करून बोटाला सोसेल तसा जाड थापायचा. निगडी, म्हणजे तुमची निर्गुडी, आमच्या परसातलीच, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली. पलीकडच्या गल्लीत तालीम होती. तिथली दांडगी माणसं पाय मुरगळला की मागच्या दारानं लंगडत यायची आणि तुझ्या आजीपुढं गरीब होऊन बसायची. आजी म्हणायची, "मैदानात एवढा आरडतोस, आन् इथं पळी बघून डोळं मिटतोस व्हय रं?"

पण लेप नुसता लावून होत नसे. तो धुवायचा नाही, हा आजीचा दंडक. तो वाळला, तडकला आणि आपोआप सुटून पडला, की त्यानं सूज ओढून घेतली असं आजी धरायची. त्याला ती म्हणायची, लेप ओढतोय. पैलवानाच्या घोट्याला सकाळी लावलेला लेप दिवेलागणीला सुटायचा. लवकर वाळला तर चांगलं ओढलं, ओला राहिला तर आणखी लावायचा. एवढंच तिचं शास्त्र, आणि तेवढ्यावर पेठेतली निम्मी माणसं चालती झाली होती. औषधात गुण होता गं. ते मी नाकारत नाही.

साठ सालाच्या पुढची दोन-चार वर्षं असतील. मी चौदाची, तुझी आई नवाची. आमच्या वडिलांच्या दोन म्हशी होत्या. रंकाळ्यावर धुवायला न्यायच्या, येताना तुझी आई एकीच्या पाठीवर बसून यायची, राणीसारखी. त्या दिवशी म्हैस दगडी उतारावर घसरली आणि ही गुडघ्यावर पडली. रडली, उठली, घरी चालत आली. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि अंगात ताप भरला.

आजीनं लेप लावला. तासाभरात तो वाळून तडकला. मी पाट्यावरून उठलेसुद्धा नव्हते. आजीच्या तोंडावर जे समाधान आलं ते मला अजून दिसतं. "बघ की, कसं ओढतंय. पोरीचं अंग कवळं हाय, लगेच लागू पडलं." दुसरा लावला, तोही तसाच. दिवसाला चार-चार लेप. पाला वाटून माझे तळवे हिरवे झाले होते.

दोन दिवसांत मी तिसऱ्यांदा आंबेहळद आणायला गेले. काष्ठौषधीचं दुकान एका म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थाचं होतं, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते पुडी बांधता बांधता थांबले.

"एवढी आंबेहळद? आख्खी तालीम मोडली काय गं?"

"न्हाय चाचा, धाकटीचा गुडघा हाय. लेप लावलाय की वाळतोय. लई ओढतोय."

"किती येळात वाळतोय?"

"तासात."

चाचांनी पुडी खाली ठेवली. "अंगात ताप हाय तिच्या?"

"हाय की."

"मग लेप ओढत न्हाय पोरी, ताप त्येला वाळवतोय. गरम तव्यावर पीठ टाकल्यावानी. आईला जाऊन सांग, चाचानं सांगितलंय, लेप बास, पोरगीला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या. काय सांगशील?"

मी सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पुडी दिली.

घरी आले तर तुझी आई उठून बसली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं पेज मागितली होती. "ताई, ठणका ग्येला," म्हणाली. आजी देवापुढं साखर ठेवून आलेली. मला म्हणाली, "काय म्हणत हुता चाचा?"

मी म्हणाले, "इचारत हुता, किती जणांचं पाय मोडल्यात म्हणून."

आजी हसली. मीही हसले.

का सांगितलं नाही, ते इतकी वर्षं मी स्वतःलाच विचारते. आजीचा लेप चुकतो हे तिला माझ्या तोंडून कसं सांगायचं, हे एक. आणि पोरीचा ठणका तर गेला होता, मग चाचांचं बोलणं कशाला मध्ये आणायचं, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत. दोन्ही पुरेशी नाहीत.

लेप सुरू केल्यापासून चौथ्या दिवशी तुझ्या आईला ग्लानी आली. वडिलांनी तिला उचलून टांग्यात घातलं. डॉक्टरांनी गुडघा उघडला. बाहेर येऊन ते आजीला म्हणाले, "बाई, हाडातला पू आत फुटला म्हणून ठणका थांबला. तुम्हाला वाटलं बरं झालं. दोन दिवस आधी आणायची होती." आजीनं फक्त विचारलं, "पाय ऱ्हाईल न्हवं?" पाय राहिला. पाच महिने ती मोठ्या दवाखान्यातल्या खाटेवर होती. घरी आली तेव्हा गुडघा सरळ लाकडासारखा. तो पुन्हा वाकला नाही.

तू आईला भुईला बसलेली कधी पाहिलीस? नाही ना. तिला बघायला आलेली चार स्थळं त्यासाठीच गेली. पाटावर बसता येत नाही त्या मुलीला काय करायचं. तुझ्या वडिलांनी होकार दिला तेव्हा ती पंचविशी ओलांडून गेली होती. मांडवात खुर्ची ठेवली, आणि आजी तिच्या पायावर शालीचा पदर सारखा करत राहिली, लोकांना दिसू नये म्हणून.

आजीनं त्या दवाखान्यातून आल्या दिवशी सहाण पालथी घातली. पैलवान आले तर दारातूनच, "मला येत न्हाय आता." निगडी तिनं तोडली नाही, पाणीही घातलं नाही. ती आपली न्हाणीच्या पाण्यावर वाढत राहिली. ऐंशी सालानंतर आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचेच गुडघे सुजले होते. मी म्हणाले, पाला वाटते. तिनं माझा हात धरला. "मीच पोरीचा पाय खाल्ला गं." मी तिच्या अंथरुणाशी बसले होते. खोलीत आम्ही दोघीच. तेव्हा तरी सांगता आलं असतं, की आई, तुला सांगावा धाडला होता, तो माझ्यापाशी अडकला. मी तिचे पाय चेपत राहिले. पंधरा दिवसांत ती गेली, सगळा दोष आपल्या एकटीच्या पदरात घेऊन.

तर बाई, तुझ्या अर्काचं कागदावर काय लिहायचं ते तू लिही. सूज उतरेल, ठणकाही जाईल. पण कुणाला द्यायच्या आधी कपाळाला हात लावून बघायचं, हेही त्यात लिही. आणि ठणका गेला असं कुणी म्हणालं तर हसू नको, पुन्हा बघ.

तुझी आई आता माझ्याकडंच असते, तुला माहीत आहे. आत्ता खिडकीपाशी खुर्चीत बसलीय, पाय पुढच्या स्टुलावर. काय लिहितीस म्हणून दोनदा विचारलं. मी म्हणाले, पोरीला पाल्याचं प्रमाण. ती म्हणाली, "एवढं पानभर?" तिला चाचांचं अजून ठाऊक नाही. सांगायचं आहे, पण एकटीनं होत नाही, जीभच उचलत नाही. तू दोघींच्या मध्ये बसलीस तर होईल. येत्या रविवारी ये. पाल्याची पिशवी भरून ठेवते. पण पाल्यासाठी नको येऊस.