सिद्धाप्पानं पाहिलेला भूकंप

सिद्धाप्पा सोलापुरातल्या एका थिएटरात डोअरकीपर होता. मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दुष्काळात कळप संपला तेव्हा बायकोला, बाळाबाईला, आणि चार वर्षांच्या लेकीला, फुलाला, घेऊन तो कोयनानगरला बांधकामावर गेला. सदुसष्ट सालच्या डिसेंबरात एका पहाटे तिथली जमीन हलली आणि खोलीची भिंत फुलाच्या अंगावर आली. दोघंच नवरा-बायको सोलापूरला आले. नऊ वर्षं झाली, पण त्या पहाटेबद्दल ते एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

रविवारी सकाळी थिएटरात इंग्रजी पिक्चर लागायचा. सिद्धाप्पाला त्यातलं काही कळत नसे. तिकिटं फाडायची, बॅटरीनं खुर्ची दाखवायची आणि बाहेर बिडी ओढत बसायचं. त्या रविवारी मात्र गर्दी इतकी लोटली की त्याला आतच थांबावं लागलं.

पडद्यावर अमेरिकेतलं कुठलंसं मोठं शहर होतं. तासभर माणसं नुसती बोलत होती. मग एकाएकी भांडी वाजायला लागली. रस्ता मधोमध फाटला आणि वीस मजली इमारत वाकून खाली आली. पुढच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या, टाळ्या पडल्या.

पुढं सिद्धाप्पानं काय केलं, ते त्याचं त्यालाही नीट आठवत नव्हतं. त्यानं बाजूचे तिन्ही दरवाजे धाडधाड उघडले आणि तो ओरडायला लागला, "भाईर पळा! भिंतीजवळ थांबू नका!"

अर्धं थिएटर हसलं, अर्धं खरंच उठून पळालं. पिक्चर थांबला. दिवे लागले तेव्हा सिद्धाप्पा एका अनोळखी बाईचं पोर छातीशी धरून बाहेर आवारात उभा होता. ते पोर रडत होतं आणि बाई त्याच्या हातातून ते ओढून घेत होती.

मॅनेजर चन्नवीरअण्णा धावत आले. "काय करालास बे सिद्धाप्पा? पिऊन आलास का?"

सिद्धाप्पानं मान खाली घालून दरवाजे पुन्हा लावले. पिक्चर पुन्हा सुरू झाला. तो संपल्यावर ऑपरेटर शिवप्पानं त्याला वर मशीनच्या खोलीत नेलं आणि फिल्मचा एक तुकडा उजेडात धरला. "बघ. गुडघ्याएवढी घरं असत्यात. रंग लावलेली. धक्का देऊन पाडत्यात."

"आन् मानसं?"

"ती उठून च्या प्यायला जात्यात की."

इमारत पडली यापेक्षा हे सिद्धाप्पाला भयंकर वाटलं. ढिगाऱ्याखालची माणसं उठतात, अंग झाडतात आणि चहा पितात. असं कुठंतरी होतं, आणि लोक तिकीट काढून ते बघतात.

घरी जाऊन त्यानं बाळाबाईला सगळं सांगितलं. वाटलं, ती कानावर हात ठेवील. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मला दावा."

"येडी हायस का तू?"

"दावा म्हंते न्हवं."

पिक्चर गर्दीमुळं पुढच्या रविवारीही ठेवला होता. चन्नवीरअण्णांनी कुरकुर न करता तिला शेवटच्या रांगेत बसवलं. सिद्धाप्पा शेजारी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा राहिला. शहर पडलं. बाळाबाईनं पापणीही हलवली नाही.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. "न्हाय, असं नव्हतं," ती म्हणाली. "आवाज आदी आला हुता. जमिनीखालनं रेल्वे गेल्यागत. मग पडलं."

"व्हय," सिद्धाप्पा कसाबसा म्हणाला.

"फुला जागी झाली हुती. तुमी दार उघडत हुता. ती म्हनली, आये, मला कोन ढकलतंय? आन् मी म्हनले, कोन न्हाय, नीज."

सिद्धाप्पाला हे ठाऊक नव्हतं. पोर झोपेतच गेली, तिला काही कळलं नाही, याच आधारावर त्यानं नऊ वर्षं काढली होती. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. दुपारच्या खेळाची माणसं जमायला लागली, कुणीतरी दार उघडा म्हणून हाका मारत होतं. तो उठला नाही.

"अजून काय म्हनली?" त्यानं विचारलं.

आणि बाळाबाई सांगू लागली.