धक्क्यावर मी अण्णाला जे सांगितलं

हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही, देवापुढे उभा राहिलो तेव्हाही मनात दुसरंच काही बोललो. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतोय, चहा गार होऊन गेला. एका जागी बसवत नाही.

माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची गोष्ट आहे. म्हणजे तशी माझीच. पण आधी अण्णाचं सांगू द्या — बघा, अजूनही मी त्याच्याच आडोशाला जातोय.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. आई-वडील नव्हते, अण्णा, वहिनी आणि मी. अण्णा कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात त्याच्या डोक्यात लाठी बसली. टाके निघाले, जखम भरली, चाळीने त्याला हार घातला, तो कामावरही रुजू झाला. आणि मग हळूहळू लक्षात आलं — त्याला माणसांच्या चेहऱ्यावरचं काही कळेनासं झालं होतं. माणूस ओळखायचा, नाव सांगायचा. पण तो चिडलाय की थट्टा करतोय, की रडकुंडीला आलाय, काही म्हणजे काही समजायचं नाही. वहिनीचे वडील गेल्याची बातमी आली. ती भिंतीला टेकून रडत होती, आणि हा म्हणाला, "चाय टाक गो जरा."

मी त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर भले होते, समजावून बोलले. समोरच्याचं दुःख बघितलं, की आपला मेंदू ते थोडंसं आपल्याच अंगात करून बघतो, म्हणून ते आपल्याला कळतं. ह्याच्या मेंदूतलं ते काम मारामुळे बंद पडलंय. माया गेलेली नाही, कळणं गेलंय. कुणी सांगितलं तर नीट वागेल. हे शेवटचं वाक्य मी चांगलं ध्यानात ठेवलं होतं.

अण्णाला लाज वाटली. हार घालून घेतलेला माणूस — बायकोला कसं सांगणार, की तुझा चेहरा मला समजत नाही? "तिका सांगा नको हां," म्हणाला. मग ते काम माझ्याकडे आलं. तो हळूच विचारायचा, "ती रागावलीहा काय रे?" मी कानात सांगायचो आणि तो तसा वागायचा. कधी गजरा आणायचा, कधी जवळ जाऊन बसायचा. बरं चाललं होतं. मला त्यात मोठेपणाही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आणि मग माझं लग्न ठरलं. खोली एकच. मुलीकडचे विचारत होते, राहणार कुठे? बायकोला कोकणात ठेवून नवऱ्याने इथे गिरणीत राबणं हे आमच्या चाळीत घरोघरचं होतं. वहिनी गावी गेली असती, तर अण्णाने गॅलरीत अंथरूण टाकलं असतं आणि खोली आम्हाला मिळाली असती. हे मी कुणाकडे बोललो नाही. फक्त अण्णाला खरं सांगायचं बंद केलं. तो विचारायचा, मी म्हणायचो, "काही नाही, बरी आहे." वहिनी मनातल्या मनात कुढत गेली. शेवटी म्हणाली, गावी जाऊन राहते. अण्णा आपल्याला अडवील, असं तिला वाटत होतं. मला ते दिसत होतं — कसं दिसणार नाही? माझ्या डोक्यात कुठे लाठी बसली होती?

देवगडच्या बोटीवर तिला सोडायला आम्ही भाऊच्या धक्क्यावर गेलो. चढताना म्हणाली, "भावोजी, तेंका सांभाळा." मग वर कठड्याशी उभी राहिली, पदर तोंडाला लावून, नजर अण्णावर. अण्णाने माझं मनगट धरलं.

"हसता काय रडता रे ती? रडत असात तर मी आताच खाली आणतंय तिका."

बोटीची शिडी अजून काढली नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते ना, अगदी तस्संच झालं — तिचं रडणं माझ्या अंगात उतरलं. माझा मेंदू चोख काम करत होता. आणि मी म्हणालो, "हसतेय. गावी जायला मिळालं म्हणून खूश आहे. तूही हस, हात कर."

अण्णा हसला. तोंडभर हसला, दोन्ही हात हलवत. तिने ते बघितलं. पदर खाली आला, रडणं थांबलं, आणि ती वळून आत गेली.

परत आली नाही. अण्णा विचारायचा, बोलवू काय तिका? मी म्हणायचो, सुखात आहे, राहू दे. एकदा तिचा भाऊ मुंबईला आला, तेव्हा अण्णा गिरणीत पाळीवर होता. तो मला म्हणाला, "ताई म्हणते, मी जाताना ते एवढे हसत होते, आता कशाला येऊ?" एकच वाक्य बोलायचं होतं मला — त्याला हसायला मीच सांगितलं होतं. आत माझी नवी नवरी पाहुण्यासाठी स्टोव्ह पेटवत होती. मी म्हणालो, "बघू." धक्क्यावरच्या खोट्यापेक्षा हे "बघू" वाईट, असं आता वाटतं. भीती होती का ती? लोभ? नाव दिल्याने पाप काय लहान होणार आहे?

वहिनी गावीच वारली. अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगला, गॅलरीतच निजायचा. माझी मुलं त्याच्या अंथरुणावर जमली, की त्यांना त्यांच्या काकीची आठवण सांगायचा. एकच सांगायचा. जाताना किती हसत होती, म्हणायचा, आणि मग माझ्याकडे वळून विचारायचा, "होय मा रे?"

मी होय म्हणायचो.