सुराइमीला धुतलं त्याची साक्ष

दक्षिण थायलंडातल्या आमच्या पत्तानीकडच्या गावात पुरुषांच्या मयताला आंघोळ घालायचं काम तीस वर्षं दोलोहकडं होतं. सगळं गाव त्याला पोकसू म्हणायचं, म्हणजे धाकटा काका. माणूस तोंडाचा फटकळ, पण एका बाबतीत मुका. मयताच्या अंगावर जे दिसेल ते धुणाऱ्यानं पोटातच ठेवायचं, हा आमचा रिवाज. कुणाला कसला रोग होता, कुणी अंगावर काय गोंदून घेतलं होतं, पोकसूच्या बायकोलाही कधी कळलं नाही.

बाजारात बंडखोरांचा बॉम्ब फुटला त्यात त्याचा जावई गेला. त्यालाही पोकसूनंच धुतलं, जेवढा मिळाला तेवढा. तेव्हापासून लष्करानं कुणाला उचललं की तो म्हणायचा, नेऊ द्या, कोर्टकचेरी करत बसलं तर हे हरामखोर हाती लागायचे नाहीत. लीमोहच्या पोराला, सुराइमीला, छावणीत नेलं, तेव्हाही तो तिला सांगून आला, पोरानं काही केलं नसेल तर महिन्याभरात घरी येईल. सुराइमी मोटरसायकली दुरुस्त करायचा. वॉरंट नव्हतं, आरोप नव्हता. आमच्या भागात आणीबाणी लागू आहे, तीत ते लागतही नाही.

अकराव्या दिवशी सुराइमी आला तो चादरीत. झोपेत हृदय बंद पडलं, असं छावणीच्या साहेबानं सांगितलं. शहरातल्या एका वकीलबाईचा लीमोहला फोन आला, की पाणी लावू नका, इस्पितळात न्या, डॉक्टरला फाडून बघू द्या, नाहीतर हातात काही राहणार नाही.

लीमोह ऐकेना. आमच्यात न धुता पुरतात ते लढून मेलेल्याला. जंगलातल्या बंडखोर पोरांना तसंच पुरतात.

"माझं पोर त्यांच्यातलं न्हवतं, पोकसू," ती म्हणाली. "बिनधुता ठेवला तर त्यो बंडखोर व्हता, हे साहेबाचंच खरं व्हईल. धुवा त्येला."

पोकसूनं दार लावून एकट्यानं धुतलं. बाहेर येऊन ताडपानाच्या तीन विड्या लागोपाठ ओढल्या. दुपार कलायच्या आत पुरून झालं. पुढं लीमोह भेटेल तेव्हा विचारायची, चेहरा शांत होता का. तो म्हणायचा, होता.

सात महिन्यांनी कोर्टात चौकशी लागली. कागद एकच, छावणीतल्या डॉक्टरचा. वकीलबाई पोकसूच्या दारी आली. इमामांनी त्याला आधीच बजावलं होतं, की मयताचं झाकायचं असतं.

"झाकायची ती मयताची लाज," पोकसू त्यांना म्हणाला. "ही लाज त्या पोराची न्हवं."

आणि कोर्टात त्यानं सांगितलं. मनगटांवर वायरीचे वळ होते. तळपाय सुजून फुटले होते. उजव्या हाताची दोन नखं नव्हती. लीमोह ओढणीचा बोळा तोंडात धरून बसली होती, ती हे पहिल्यांदाच ऐकत होती. त्या दिवसापासून ती पोकसूशी बोललेली नाही.

सरकारी वकिलानं विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का. नाही, म्हणाला. मग जावई विसरलात का, बॉम्बवाले सापडू नयेत असं वाटतं का, म्हणून छेडलं.

"सापडू द्या की," पोकसू म्हणाला. "म्हणून तर इचारतो, ह्या पोराकडं काय सापडलं?"

प्रश्न साक्षीदारानं विचारायचे नसतात, असं त्याला सांगून खाली बसवलं. निकालात लिहिलं, शवविच्छेदन झालेलं नाही, मृत्यूचं कारण सांगता येत नाही.

गावानं पोकसूचा निकाल त्याआधीच लावला होता. मयताचं बोलणाऱ्याच्या हाती आपलं माणूस कोण देईल? कुणी भांडलं नाही की वाईट बोललं नाही, फक्त बोलावणं यायचं थांबलं. रमजान उलटल्यावर त्याचा सख्खा भाऊ वारला. पुतण्यांनी शेजारच्या गावातला धुणारा आणला. पोकसू इतरांबरोबर अंगणात उभा राहिला. आत पाणी फार भराभर ओतत होते. तो दोनदा दाराकडं गेला आणि दोनदा मागं फिरला.